एबीएसचा दिवा गाडी हलली की लागतो, रिले गेलाय की अख्खं युनिट?

खाडीकाठ_दापोली

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून.

माझी २००६ ची पेट्रोल सेडान आहे, सेकंड हँड घेतलेली, आता माझ्याकडेच नऊ वर्षं झाली. गाडी अंगणात उभी असते, वर पत्रा आहे पण बाजूनं पाऊस मारतो आणि समुद्र तीन किलोमीटरवर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, पिवळा दिवा लागला. गाडी बंद करून परत चालू केली तर गेला. मग दोन-चार दिवसांनी परत, मग रोज, आणि आता कायमचा.

एक गोष्ट मी नीट बघितलीय ती म्हणजे चावी ऑन केल्यावर दिवा लागतो आणि तीन-एक सेकंदांनी विझतो, जसा विझायला पाहिजे तसा. गाडी उभी असेपर्यंत विझलेलाच असतो. फाटकातून निघून रस्त्यावर आलो, स्पीड पंधरा-वीस झाला की टक्कन लागतो आणि मग गाडी बंद करेपर्यंत जात नाही. ब्रेक व्यवस्थित लागतात, पेडल टणक आहे, ब्रेक ऑइल मॅक्सच्या खुणेच्या जरासं खाली. हँडब्रेकचा लाल दिवा लागत नाही.

तालुक्याला एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला सी०११०, पंप मोटर सर्किट असं काहीतरी. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की एबीएसचं युनिट (पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्युटर एकत्र असतं ते) गेलं, पूर्ण बदलायचं, नवीन मिळणार नाही, जुनं शोधून लावून ब्रेक ब्लीड करून, म्हणजे पाइपातली हवा काढून, चाळीस हजारांपर्यंत जाईल. गाडीची किंमतच आता लाखाच्या आसपास असेल. पण मला गाडी विकायची नाहीये, आणि दिवा तसाच ठेवून फिरायचंही नाहीये कारण महिन्यातून एकदा आईला मुंबईला तपासायला न्यावं लागतं आणि पावसात कशेडी घाटातून जायचं म्हणजे मला ब्रेकची खात्री पाहिजे.

बोनेटमध्ये एबीएस युनिटच्या शेजारी काळी डबी आहे, त्यात दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) आहेत, एक मोठा एक लहान. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, घरातली लाईटची कामं मी करतो, गाडीचं फारसं नाही. रिले मी स्वतः तपासू शकतो का? काय क्रमानं बघू?

वायरिंगवाला_कोल्हापूर

दादा तुम्ही जे स्पीडचं लिहिलंय ना त्यातच अर्धं काम झालंय, बरेच लोक नुसतं "दिवा लागतो" एवढंच सांगतात.

चावी ऑन केल्यावर एबीएसचा कॉम्प्युटर आधी स्वतःचं बघतो, व्हॉल्व्हच्या कॉइल आणि त्यांचा रिले तेव्हाच तपासला जातो. त्यात काही खोट असती तर तुमचा दिवा विझलाच नसता किंवा विझून लगेच लागला असता. पंपाची मोटर मात्र गाडी हलल्यावर तपासतात, साधारण दहा-वीसच्या स्पीडला एकदाच अर्धा सेकंद फिरवून बघतात. शांत रस्त्यावर काच खाली करून निघालात तर बोनेटमधून "घर्र" असा आवाज येतो तो हाच. तुमचा दिवा बरोबर त्याच वेळेला लागतोय, म्हणजे मोटरला फिर म्हटलं आणि ती फिरली नाही किंवा फिरल्याचं कॉम्प्युटरला कळलं नाही. सी०११० तेच सांगतो. व्हॉल्व्ह रिलेचा कोड बहुतेक ठिकाणी सी०१२१ असतो, तो तुम्हाला आलेला नाही, म्हणजे दोन रिलेंपैकी एक आपण सध्या बाजूला ठेवू.

आता मोटर सर्किट म्हटलं की त्यात काय काय आलं बघा. बॅटरीपासून मोठा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन, रिलेचा आतला कॉन्टॅक्ट, ८७ नंबरची पिन, तिथून मोटर, आणि मोटरचा अर्थ. यातलं काहीही गेलं तरी कोड तोच. कोडवरून गाव कळतं, घर आपण शोधायचं. युनिट बदला म्हणणाऱ्यानं यातलं काही मोजलंय का ते आधी विचारा.

आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास पाहिजे आणि सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको, बॅटरी मेलेली असली की एबीएस उगाच कुरकुरतं. मग मोठे फ्यूज. ते बोल्टनं कसलेले असतात, नुसतं बघून कळत नाही, दोन्ही टोकांना मीटर लावून दोन्हीकडे १२ येतायत का बघा. आणि बोल्ट ढिला नाही ना ते पान्यानं बघा.

मग रिले. चावी बंद, बॅटरीची मायनस काढा, मग रिले ओढून काढा. खालचे पाय बघा, हिरवट कीट किंवा एखादा पाय निळा-तपकिरी झालाय का. रिलेच्या अंगावर आकृती छापलेली असते, ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल, ३० आणि ८७ म्हणजे कॉन्टॅक्ट. नंबर नसले तर आकृतीवरून ओळखा, अंदाजानं वायर लावू नका. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण सत्तर-ऐंशी ते शंभर ओमच्या आसपास येतो. शून्य आला किंवा काहीच आला नाही तर रिले गेला. आकृतीत डायोडची खूण असेल तर कॉइलला प्लस-मायनस उलटं लावायचं नाही, डायोड जागेवर जातो.

कॉइलला १२ व्होल्ट दिले की टक वाजेल. इथंच बरेच जण फसतात. टक वाजलं, मीटरवर ३० आणि ८७ मध्ये बीप आला, म्हणजे रिले चांगला असं धरून पुढं जातात. मीटरचा बीप तीस-चाळीस ओमला सुद्धा वाजतो. आणि ही मोटर सुरू होताना क्षणभर चाळीस-पन्नास अँपिअरच्या घरात करंट ओढते, उगाच तिथं एवढा जाड फ्यूज दिलेला नसतो. कॉन्टॅक्टवर नुसता एक ओम आला तरी १२ व्होल्टमधून १२ अँपिअरपेक्षा जास्त जाणारच नाही, मोटर जागची हलायची नाही. म्हणून लोड टाकून बघा. हेडलाईटचा जुना एच४ बल्ब घ्या, तो साधारण पाच अँपिअर घेतो. बॅटरीच्या प्लसवरून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० च्या पिनला, ८७ वरून बल्बला, बल्ब मायनसला. कॉइल ऑन करा. बल्ब पेटलेला असताना मीटरची एक पिन ३० वर, दुसरी ८७ वर, व्होल्टवर ठेवून. चांगल्या रिलेत ०.१ च्या आतबाहेर दिसेल. एक-दोन व्होल्ट दिसले तर कॉन्टॅक्ट जळालाय.

हे करा आणि आकडे इथं टाका. ब्रेकच्या पाइपला हात लावायचा नाही, एक नट सैल झाला तरी हवा शिरते आणि मग खरंच खर्च निघतो.

अश्विनी_नाशिकरोड

माझं उलटं झालं होतं, ते लिहून ठेवते कारण लक्षणं वेगळी असली तरी मूळ एकच होतं. रात्री गाडी लावली, सकाळी बॅटरी ठार. नवीन बॅटरी घातली, तीन दिवसांनी परत तेच. बॅटरीवाला म्हणाला अल्टरनेटर, अल्टरनेटर उघडून झाला, काही निघालं नाही. मग एकदा रात्री अकराला पार्किंगमध्ये काहीतरी विसरलं म्हणून खाली गेले तर बंद गाडीतून बारीक गुणगुण येत होती, बोनेट उघडलं तर एबीएसचं युनिट हाताला गरम. रिलेचा कॉन्टॅक्ट आतल्या आत चिकटून बसला होता, म्हणजे चावी काढली तरी मोटर चालूच. रिले ओढल्याबरोबर आवाज थांबला.

माझ्यासारखं कुणाला झालं तर पहिल्यांदा रिले ओढा आणि मग बाकीचं बघा, मोटर रात्रभर चालून जळली तर रिलेच्या किमतीत भागत नाही. माझी थोडक्यात वाचली.

आणि एक, आमच्याकडे शेजाऱ्यांनी हॉर्नचा रिले दिसायला सारखा म्हणून एबीएसच्या जागी लावून बघितला होता. पाय बसले म्हणून आतलं सारखं असतं असं नाही, त्यांचा फ्यूज उडाला.

घाटमाथ्यावरून

प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथंच विचारतो. दिवा लागला तरी साधे ब्रेक लागतातच ना? मी गेली दोन वर्षं तसाच फिरतोय, लायनर चांगले आहेत, माझ्या आधीच्या गाडीला तर एबीएस नव्हतंच. मग एवढं जिवाला लावून घ्यायचं कारण काय?

चाकण_लाईन२

@घाटमाथ्यावरून साहेब, उत्तर देतो, मी याच क्षेत्रात आहे, ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये.

पहिल्या भागात तुम्ही बरोबर आहात. १९७८ मध्ये बॉशनं मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आपलं इलेक्ट्रॉनिक एबीएस विक्रीच्या गाडीत आणलं, तेव्हापासून तत्त्व हेच आहे की सिस्टिममध्ये खोट सापडली तर तिनं बाजूला व्हायचं आणि साधा ब्रेक मोकळा ठेवायचा. व्हॉल्व्हचा रिले असतो तो त्यासाठीच. कॉम्प्युटरला शंका आली की तो रिले सोडतो, सगळ्या व्हॉल्व्हची वीज जाते आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगनं आपल्या मूळ जागी येतात, म्हणजे पेडलपासून चाकापर्यंत ऑइलचा रस्ता सरळ उघडा.

पण तुमच्या आधीच्या गाडीशी तुलना करू नका. त्या गाडीला मागच्या चाकांकडे जाणारं प्रेशर कमी करायला यांत्रिक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह असायचा. एबीएस आलं तसं बऱ्याच गाड्यांत ते काम ईबीडीकडे (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी सिस्टिम) दिलं, आणि ईबीडी चालतो याच कॉम्प्युटरवर, याच व्हॉल्व्हवर. नुसता पिवळा दिवा असेल तर बहुतेक वेळा ईबीडी अजून शाबूत असतो. पिवळ्यासोबत हँडब्रेकचा लाल दिवाही लागला तर एक तर ऑइल कमी झालंय किंवा ईबीडीसुद्धा गेलाय. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि मागची चाकं लॉक झाली की गाडी फिरते. पुढची लॉक झाली तर गाडी निदान सरळ तरी जाते, मागची झाली तर स्टिअरिंग काही कामाचं राहत नाही. उतारावर वजन आधीच पुढं आलेलं असतं, रस्ता ओला असतो, म्हणून घाटात हे जास्त घातक. दोन्ही दिवे असतील तर कृपा करून घाटात जाऊ नका, आधी दाखवा.

आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं, त्याआधी ते वरच्या मॉडेललाच मिळायचं, त्यामुळे "नव्हतं तेव्हा चालत होतंच की" हे मला आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळतं. ज्या गाडीचे ब्रेक एबीएस धरून बेतलेत ती एबीएसशिवाय पूर्वीच्या गाडीसारखी वागेलच असं नाही. हे मनापासून सांगतोय.

दापोलीकर दादांसाठी एक भर. मोटर फिरली की नाही हे कॉम्प्युटर कसं ओळखतो ते माहिती असू द्या. मोटरच्या वायरवर त्याचं लक्ष असतं. रिले ऑन केला की तिथं बॅटरीचा व्होल्टेज दिसला पाहिजे. रिले ऑफ केल्यावर फिरती मोटर क्षणभर जनरेटरसारखी वीज तयार करते आणि तो व्होल्टेज हळूहळू उतरतो. एकदम शून्य झाला तर मोटर फिरलीच नव्हती असं तो धरतो. म्हणून रिले चांगला असून सुद्धा मोटर कमी दाबानं, अर्धवट फिरली तरी दिवा लागू शकतो.

खाडीकाठ_दापोली

सगळ्यांचे आभार, खास करून कोल्हापूरच्या दादांचे. रविवारी सकाळी पाऊस उघडला तेव्हा करून बघितलं.

बॅटरी १२.६, सेल्फ मारताना १०.८. मोठा फ्यूज दोन्हीकडे १२.५. रिलेच्या डबीचं झाकण उघडलं तर आतून ओलं, कडेचं रबर एका बाजूनं तुटलेलं आणि झाकणाची एक खिट्टीच नाही. मोठ्या रिलेचा ३० चा पाय अर्धा हिरवा. कॉइल ८२ ओम. टक वाजतो. बीपही येतो, तुम्ही सांगितलं नसतं तर मी इथंच रिलेला पास करून मोकळा झालो असतो.

मग एच४ बल्ब लावला. बल्ब पेटला पण पिवळट, मंद. ३० वर १२.३ आणि ८७ वर ७.९. म्हणजे ४.४ व्होल्ट रिलेच्या पोटातच गेले! तोच बल्ब थेट बॅटरीला लावला तर डोळे दिपतात. रिलेचं कव्हर बारीक स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून बघितलं तर कॉन्टॅक्टचा एक बिंदू काळा आणि खड्डा पडलेला.

त्याच पार्ट नंबरचा रिले मुंबईहून मागवला, मंगळवारी आला, सॉकेटच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतल्या, लावला. फाटकाबाहेर निघालो आणि काच खाली करून ऐकत होतो, "घर्र" आलं! नऊ वर्षांत हा आवाज मी कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. दिवा नाही. चाळीस हजारांऐवजी साडेसहाशे रुपये.

खाडीकाठ_दापोली

आनंद तीन दिवस टिकला. शुक्रवारी रात्रभर पाऊस होता आणि शनिवारी सकाळी परत दिवा, परत पंधरा-वीसच्या स्पीडला. कोड परत सी०११०. नवा रिले काढून बल्बवर बघितला, ०.०६ व्होल्ट, म्हणजे रिले ठणठणीत आहे. आता खरंच युनिट म्हणायचं का?

वायरिंगवाला_कोल्हापूर

अजून नाही दादा. एक टोक आपण बघितलंच नाही, मोटरचा अर्थ. चूक माझी, मी रिलेवरच थांबलो, पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. पाऊस पडला की दिवा येतो आणि वाळलं की जातो हे लक्षण गंजाचं आहे, आणि ज्या पाण्यानं रिलेचा पाय हिरवा केला ते खाली अर्थपर्यंत पोचलं नसेल असं मला वाटत नाही.

असं करा. चावी बंद. मोटर रिले काढून सॉकेटमध्ये ३० आणि ८७ यांना जाड वायरनं जोडायचं, वायरमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून. मोटर फिरेल. दोन सेकंद, जास्त नाही, ती सलग चालायला बनवलेलीच नसते. त्या दोन सेकंदांत मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर आणि लाल पिन मोटरच्या अर्थ वायरवर. घरातल्या माणसाला मदतीला घ्या, एकट्याला जमत नाही. ०.२ च्या आत आलं तर अर्थ चांगला. हीच वायर मोटर बंद असताना मोजली तर शून्यच दिसणार, म्हणून मोटर चालू असतानाच मोजा.

अर्थ चांगला निघाला आणि मोटर तरी कण्हत फिरत असेल तर मोटरचा दोन पिनांचा कपलर सोडून आत बघा. ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला तर आतलं सील गेलंय आणि ऑइल मोटरमध्ये उतरतंय, मग मात्र गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं धरावं लागेल.

आणि वायर लावायची ती फक्त मोटरला. व्हॉल्व्हच्या पिनांना थेट बॅटरी कधी द्यायची नाही, कॉइल बारीक असतात, लगेच जळतात.

खाडीकाठ_दापोली

मुलाला मीटरवर बसवलं आणि मी वायर लावली. मोटर फिरली पण आवाज थकलेला, त्या दिवशी ऐकला तसा कडक नाही. मुलानं आकडा वाचला, २.७ व्होल्ट! अर्थवर!

वायर धरून धरून खाली गेलो तर ती बॅटरीच्या ट्रेच्या खाली बॉडीवर एका बोल्टला कसलेली. बॅटरी काढली, ट्रे काढला, दहाचा पाना लावला तर बोल्ट फिरायच्या आधी पापुद्रेच निघाले. लगवर, म्हणजे वायरच्या टोकाच्या कडीवर, पांढरी-हिरवी पूड, बॅटरीच्या ॲसिडची असणार, त्यावर खारी हवा. लग हातात घेतली तर वायरच्या बऱ्याच तारा तुटलेल्या, चार-पाच तारांवर चाललं होतं सगळं.

सोडा आणि गरम पाण्यानं जागा धुतली, वाळवली, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर मागं चांगल्या तांब्यापर्यंत कापून नवीन लग दाबून बसवली, बोल्ट नवीन, वरून ग्रीस. परत तीच टेस्ट केली, ०.०८. मोटरचा आवाज ऐकून आतून बायको बाहेर आली काय झालं म्हणून.

हे करून आज पंधरा दिवस झाले, त्यात चार दिवस झोडपून पाऊस. दिवा नाही. परवा आईला घेऊन मुंबईला जाऊन आलो. जायच्या आधी मैदानात ओल्या मातीवर तीसच्या स्पीडला मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी सरळ थांबली. त्या गॅरेजमध्ये जाऊन त्यांनाही वायर दाखवून आलो, भांडायला नाही, पुढच्या गिऱ्हाईकाला उपयोग होईल म्हणून, आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं.

आता रिलेच्या डबीचं झाकण तेवढं राहिलंय. सध्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून रबर केलंय आणि वरून टाय लावलाय, पण हे पावसाळाभर टिकेल असं वाटत नाही. नुसतं झाकण कुठं मिळेल?

वायरिंगवाला_कोल्हापूर

झाकण एकटं नवीन मिळत नाही, डबीसकट घ्यावं लागतं. माझ्याकडे त्याच मॉडेलची एक अपघातातली गाडी सुटी करायला येणार आहे पुढच्या आठवड्यात, झाकण धड असलं तर एसटीच्या पार्सलनं पाठवतो. आतल्या बाजूला असलेला नंबर फोटो काढून मेसेज करा, दोन प्रकार येतात त्यात.